स्वयंपाकघरातली उलटतपासणी

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, सन अठ्ठावीसच्या सुमारास, रत्नागिरीतल्या एका शाळेतून माझ्या यजमानांना मास्तरकीसाठी पत्र आलं. आठ दिवसांत उत्तर हवं होतं. वकिलीची सनद घेऊन ह्यांना वर्षच झालं होतं, आणि कोर्टाचं काम आपल्या स्वभावाला झेपेल का, ते त्यांना कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात वेळणेश्वरचं काम कोर्टात निघालं. धाकट्या चुलतभावाने पोफळीच्या बागेतला हद्दीचा दगडी गडगा रातोरात हातभर सरकवला, अशी थोरल्याची तक्रार. दोघेही एकाच मचव्यातून, समुद्रावाटे आले. थोरला आमचा पक्षकार, तो जेवायला आमच्याकडे, हे ठरलेलंच. धाकटा बाहेर उन्हात उभा दिसला, तर ह्यांनी त्यालाही पानावर बसवलं. वाढलं मीच.

दुसऱ्या दिवशी थोरला कोर्टातून आला तो थेट माजघराच्या दाराशी.

"वैनी, वकिलांनी उलटतपासणीत त्याला काय विचारलं, ठाऊक आहे? मचव्यात त्रास नाही ना झाला."

"आणि पुढे?"

"पुढे काय, बसले खाली. तुमची आमटी आवडली का, तेवढं विचारायचं राहिलं."

मला वाटलं, उलटतपासणी शिकता येण्यासारखी असेल. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता ह्यांना म्हटलं, "मी साक्षीदार. गडगा होता तिथेच आहे, असं म्हणतेय. खोटं आहे ते. काढा माझ्याकडून."

ते उभे राहिले. "बाई, गडगा होता तिथेच आहे?"

"आहे."

"मग असेल," म्हणाले आणि बसले.

मग मी त्यांना साक्षीदार केलं.

"गडगा कधीचा?"

"आजोबांच्या वेळचा."

"दगडांवर शेवाळं असेल."

"आहे ना."

"मग ते दगडांच्या खालच्या अंगाला कसं?"

ते म्हणाले, "सनद तुला मिळायला हवी होती."

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. मी सूप उचललं आणि सांगितलं, "मास्तरकी घ्या."

शेवटच्या दिवशी त्यांनी होकार लिहिला, मला वाचून दाखवला आणि पत्र टाकायला गेले. परतले ते गुहागरच्या एका म्हाताऱ्याला घेऊन. तो पोस्टाच्या पायरीवर भेटला. त्याचं काम कुणी वकील घेत नव्हता.

"पत्र?"

त्यांनी ते खिशातून काढलं. "त्याला नाही कसं म्हणू?"

शाळेने दुसरा मास्तर घेतला. हे पुढे अकरा वर्षं कोर्टात जात राहिले. त्या दिवशी म्हातारा ओटीवर टेकला आणि मला हळूच म्हणाला, "बाय, हे वकील कोर्टात जोरात बोलतात ना गो?"

मी पाणी आणायला आत गेले.