तुटलेलं पातं

सुमित्राला बंदुकीची कधी भीती वाटली नाही. वाटली ती सुरीची. अमेरिकेतल्या बॉथेलच्या एका बायोटेक कंपनीत ती प्रयोगशाळेत काम करायची. शेजारच्या टेबलावरची जोन दर ऑक्टोबरात डोंगरापलीकडे हरणाच्या शिकारीला जाई. दोन सीझन तिच्याबरोबर नुसतं हिंडल्यावर सुमित्राने रीतसर कोर्स करून परवाना काढला. आता मारलेलं हरीण फाडायला स्वतःची सुरी घ्यायची होती.

दुकानात जोनने एक बुटकी, जाड पात्याची सुरी तिच्या हातात दिली. "ही घे. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलंय. काही झालं तरी निखळणार नाही."

सुमित्राला ती अवजड वाटली. काचेखाली दुसरी होती, पातं बदलता येणारी. पातं थेट प्रयोगशाळेतल्या स्काल्पेलसारखं. तिने हातात धरली आणि इतक्या दिवसांची भीती जरा कमी झाली. रोज हेच तर हातात असतं आपल्या!

"धार छान आहे हिला," जोन म्हणाली, "पण पातं पातळ आहे. तिरका जोर देऊ नकोस."

"नाही गं देणार."

सुरीबरोबर कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि मांसासाठी जाळीच्या पिशव्या घेऊन दोघी बाहेर पडल्या.

त्या शनिवारी सुमित्राच्या पहिल्याच गोळीने नर हरीण घळीत कोसळलं. जोनने शेजारी बसून पोट कसं उघडायचं ते दाखवलं, तिच्याकडून करवून घेतलं. आतडी बाहेर आली. "आता छाती-पोटामधला पडदा काप, मग आत हात घालून श्वासनळी तोड. मी गाडीतून हरीण ओढायची घसरगाडी घेऊन येते. मांस लवकर गार व्हायला हवं."

जोन झाडांआड गेली. सुमित्राने पडदा कापला, हात खांद्यापर्यंत आत घातला. आत काही दिसत नव्हतं. नुसता गरम, बुळबुळीत अंधार. श्वासनळी बोटांना लागली. तिने सुरी चालवली. नळी चिवट निघाली. तिने मनगट जरासं वळवलं.

कट् असा आवाज झाला.

हातातली सुरीची मूठ हलकी झाली. पातं तुटलं होतं, आणि ते आत कुठेतरी तिच्या बोटांजवळ होतं.

हात ओढावा तर पातं कापेल, ठेवावा तर किती वेळ? "जोन!" तिने हाक मारली. जोन केव्हाच लांब गेली होती. हाताला ऊब लागत होती. हे रक्त हरणाचं की आपलं? मनगटाची शीर गेली असेल तर? घळीत फोनला रेंज नव्हती.

शेवटी तिने मूठ आतच सोडून दिली, बोटं मिटली आणि श्वास रोखून हात तसूतसूने मागे घेतला. मोजा फाटला होता. तो काढून तिने बाटलीतलं पाणी हातावर ओतलं. अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक रेघ होती. धुतली तशी पुन्हा लाल झाली. पण खोल नव्हती. ती तिथेच गवतात बसून रडली.

जोन परतली तेव्हा तिचाही चेहरा उतरला. "तुला एकटीला सोडायलाच नको होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आधी तिने अंगठा बांधला. मग दोघींनी हरीण उताराकडे वळवलं, छाती काठीने ताणून धरली आणि आत टॉर्चचा उजेड पाडला. मूठ खाली पडली होती, पातं नळीत रुतलं होतं. जोनने चिमट्याने ते उपसलं, वळवून पाहिलं.

"टोक नाहीये."

खूप शोधूनही ते मिळालं नाही. मानेकडचं सगळं मांस काढून त्यांनी तिथेच टाकून दिलं. बाकीचं जोनच्या सुरीने जोननेच सोडवलं. सुमित्राने फक्त पिशव्या धरल्या.

घरी नवरा, गिरीश, हौसेने मसाला वाटायला बसला. सुमित्रा मात्र प्रत्येक फोड चिरून, बोटांनी दाबून, उजेडात धरून बघत होती.

"अगं, खिमा होईल त्याचा," तो म्हणाला.

जेवताना ती त्याच्या जबड्याकडे टक लावून बसली. "सावकाश चाव रे."

"असं बघू नकोस, घास उतरत नाही."

त्याला काही झालं नाही. मांस संपेपर्यंत कुणालाच काही झालं नाही. तरी त्या हिवाळ्यात सुमित्राने नुसता रस्सा भातावर घेतला. तुकडा तिने चाखला तो थेट पुढच्या वर्षी, दुसऱ्या हरणाचा, तोही आधी जोनला खायला लावून.