तांबी

माझी पोरगी जन्मली त्याच पहाटे आमच्या गोठ्यातली म्हैस व्याली. तिला रेडा झाला. सासरे कोल्हापूरला राजारामपुरीतल्या दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या चपलांना अजून शेण होतं. मी टाक्यांच्या कळा सोसत पडले होते. पोरगी कुशीत. त्यांनी दारातूनच बघितलं आणि म्हणाले, "गोठ्यात रेडा, दवाखान्यात पोरगी. देवानं आज दोन्हीकडं उलटंच दिलं की."

सगळे हसले. नवरा हसला. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे पाहुणे हसले. सलाईन बदलायला आलेली नर्स हसली. माझी आईसुद्धा हसली. ती मुलीकडची. तिला हसावंच लागतं.

माझं सासर नावाजलेलं. ऊस, म्हशी, दारात गाडी, सासरे गावचे माजी सरपंच. माझे वडील मलकापूरच्या एसटी स्टँडजवळ चहाचा गाडा चालवतात. एवढ्या मोठ्या घरात मुलगी दिली म्हणून लोक आईला नशीबवान म्हणायचे. त्यामुळं त्या घरानं काहीही बोलावं आणि आम्ही ऐकून घ्यावं, हे कुणी न सांगताच ठरलं होतं.

मी माहेराहून बाळाला घेऊन परतले तोवर तो रेडा मेला होता. रेडी असती तर मोठी होऊन दूध दिलं असतं. रेड्याला पाजायचं म्हणजे डेअरीचं दूध वाया घालवायचं. सासूनं हे भाजी निवडता निवडता सांगितलं. त्याला कुणी मारलं नव्हतं. पाजलं नव्हतं, एवढंच. ती बोलत होती तेव्हा पोरगी माझ्या अंगावर पीत होती. मी तिच्यावर पदर ओढून घेतला.

पोरगी चालायला, बोलायला लागली आणि मला पुन्हा दिवस गेले. त्याच सुमारास म्हशी भरवायला येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरनं नवीन औषध आणलं. त्यानं रेडीच होते, असं तो सांगत होता. मी बादली घेऊन तिथंच उभी होते. सासू त्याला म्हणाली, "डॉक्टर, असलं काय माणसांत निघालं न्हाय व्हय? आमच्या सुनंलाबी एक टोचा की." पुन्हा सगळे हसले. मी बादली तिथंच आपटायला हवी होती. मी ती उचलून म्हशीपुढं ठेवली.

पाचवा महिना लागला आणि नवरा म्हणाला, "जरा फिरून येऊ." लग्न झाल्यापासून त्यानं मला कधी रंकाळ्यावरसुद्धा नेलं नव्हतं. मी चांगली साडी नेसले, पोरीला नवा फ्रॉक घातला. ती साडी आठवली की मला माझीच कीव येते. गाडी हद्द ओलांडून कर्नाटकात गेली, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली. शेतातल्या एका घरापुढं आम्ही थांबलो. खिडक्यांना पोती लावली होती. आतल्या माणसानं माझ्या पोटावर काहीतरी गार लावलं आणि एक यंत्र फिरवलं. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलला. परतताना गाडी चालवणाऱ्या नवऱ्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. पोरगी खाऊ मागत होती, तरी गाडी कुठं थांबली नाही.

तेव्हाच मला कळलं, पोटात पोरगी आहे. पुढं काय करतील ते मात्र कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूनं गोळ्या आणल्या. "रक्त कमी हाय तुजं. डॉक्टरनं दिल्यात, घे." मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. त्या घरात कधी कुणी मला पाण्याचा तांब्या हातात दिला नव्हता. त्या दिवशी तिनं दिला.

मी मोरीत भांडी घासताना कोसळले. रक्त थांबेना, तेव्हा मला राजारामपुरीत नेलं. त्याच दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, हातमोजे काढले आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शिकलेली दिसतेस. स्वतःच्या हाताने गोळ्या खाल्ल्यास ना? तुम्हा बायकांनाच मुली नको असतात. आणि मग मरायला आमच्या दारात येता."

नवरा माझ्या उशाशी उभा होता. पंख्याकडं बघत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. मला ओरडून सांगायचं होतं. पण थोरली घरी सासूपाशी होती, आणि मला त्याच घरी परत जायचं होतं.

आया झाकलेला ट्रे घेऊन निघाली. मी तिला विचारलं, "काय हुतं?"

ती थांबली. "पोरगी हुती, बाई. बघू नगं."

मी बघितलं नाही. आता वाटतं, बघायला हवं होतं. तिचं तोंड कुणीच बघितलं नाही. तिला कुठं टाकलं तेही मला माहीत नाही. सासू म्हणाली, देवाच्या मनात नव्हतं. घरात एकच पोरगी आहे, तरी मी तिला थोरली म्हणते. लोक विचारतात, धाकटी कुठाय? मी काही सांगत नाही.

विश्रांतीला म्हणून मला मलकापूरला पाठवलं, थोरलीला सासूनं ठेवून घेतलं. तिथं मला दूध आलं. प्यायला कुणी नव्हतं. आईनं छातीवर फडकं आवळून बांधलं आणि बांधता बांधता रडली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं डोळे पुसले. "असं घर परत मिळणार न्हाय, बाय. गप नांदायला जा."

आमच्या गल्लीत आरोग्य खात्याची आशाताई यायची, घरोघर बाळंतिणींची चौकशी करायची. तिनं मला तांबीचं सांगितलं. गर्भपिशवीत बसवतात, दिवस राहत नाहीत, हवं तेव्हा काढता येते.

"नवऱ्याला इचारावं लागतं?"

"कायद्यात तसं काय न्हाय. तू सज्ञान हायस. तुजा शब्द पुरं."

मी बारावी झालेली. नागरिकशास्त्रात हक्क पाठ केले होते, मार्कही चांगले पडले होते. त्या हक्कांत माझं पोटही येतं, हे कुठल्या बाईंनी वर्गात सांगितलं नव्हतं.

एसटी धरून मी एकटी राजारामपुरीत गेले. मुद्दाम त्याच डॉक्टरीणबाईंकडं. त्या म्हणाल्या, "मिस्टरांना घेऊन या. नंतर तुमची माणसं येऊन इथे तमाशा करतात."

मी जागची हलले नाही. "बाई, मी माझ्या हातानं गोळ्या खाल्ल्या, असं तुमी म्हणालासा. त्या सासूनं दिलत्या, रक्ताच्या म्हणून. नवरा हितंच हुबा हुता. त्याला तुमी एक शब्द इचारला न्हाय. पोरगी गेली तवा दोष माझा. आणि आता ठरवायचं म्हटल्यावर शब्द त्याचा?"

माफी मागतील असं मला वाटलं होतं. मागितली नाही. त्यांनी नर्सला हाक मारली आणि मला आत घ्यायला सांगितलं.

मी नांदायला गेले. सासू दर महिन्याला माझ्याकडं बघायची, मग देवाकडं. मला जोतिबाला नेलं, गुलाल लावला, नवस बोलली. एका सकाळी अंगणात भावकीतले पाहुणे बसले होते. मी चहा घेऊन बाहेर आले. सासरे त्यांना म्हणाले, "म्हस गाभ धरंना झाली तर बाजार दावतोय आपण. सुनंचं काय करायचं, पावणं?"

मी ट्रे खाली ठेवला.

"मी तांबी बसवून घेतलीया."

"कुणाला इचारून?" सासरे म्हणाले.

"मला इचारून."

कुणी हसलं नाही. नवरा उठला आणि त्यानं माझ्या कानाखाली मारली. पाहुण्यांनी चहा उचलला. मी आत जाऊन थोरलीचे कपडे पिशवीत भरले, तिचा हात धरला आणि तडक एसटीचा रस्ता धरला.

आता मी कोल्हापुरातच एका खोलीत राहते. कापडाच्या दुकानात काम करते. पोलिसांत तक्रार दिली आहे. कोर्टात काय होईल माहीत नाही, सासऱ्यांची ओळख लांबवर आहे. झालं गेलं विसर, तक्रार माघारी घे, परत ये, असे निरोप येतात. आई फोनवर रडते. तिचं रडणं ऐकवत नाही, पण फोन मी उचलते.

मला ती पोरगी हवी होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. माझ्या पोटातून तिला नेताना मला विचारलं नाही. आता यापुढं मूल होईल ते मी म्हणेन तेव्हा. मी नको म्हटलं तर होणार नाही. आणि कोर्टाच्या तारखेला मी उभी राहणार. समोर नवरा असेल, सासू-सासरे असतील, मागं आई रडत असेल. गोळ्या कुणी दिल्या, गाडी कुणी चालवली, कुणाच्या शब्दावर, सगळं सांगणार. नावानिशी.