मनोऱ्यातला चष्मा

कारखान्यात फिटरकाकांना सगळे 'दोनदा' म्हणत, कारण आवळलेला बोल्ट ते पुन्हा एकदा आवळून बघत. हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन प्रचंड दाबाखाली तापवून ज्या पोलादी मनोऱ्यात अमोनिया होतो, त्याच्या पोटात उतरायचं काम त्यांचं. आत लोखंडाचे काळे दाणे भरलेले असतात. हे दोन वायू एरवी एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. दाण्यांनी मध्यस्थी केली की जमतं, तेही खेपेला जेमतेम पाचव्या हिश्शाचं. उरलेले पुन्हा फेरी मारतात.

दाणे भरायला आत जाणाऱ्याचं पेन, अंगठी, चष्मा, सगळं दारावरच्या वहीत चढतं आणि बाहेर येताना मोजून सही होते. अकरा वर्षांपूर्वी काकांनी 'चष्मा : आत एक, बाहेर एक' यापुढे सही केली आणि मग खिसा चाचपला. रिकामा. वर झाकण बसत होतं. काकांनी वही मिटून ठेवली. घरी आले, तर त्यांचा चष्मा टीव्हीवर! मग आत काय नेलं होतं? त्याच संध्याकाळी काकू स्वतःचा चष्मा शोधत होत्या. नंबर दोघांचा एकच. पण दोन आणि दोन चार करायचा धीर काकांना झाला नाही.

मनोरा मात्र दृष्ट लागावी असा चालला.

निवृत्तीला चार महिने उरले असताना तो उघडला. वापरलेले दाणे हवा लागताच पेटतात, म्हणून नायट्रोजनच्या पांघरुणाखाली ते नळीने शोषून बाहेर काढले आणि चाळले. चाळणीत एक नाजूक, वाकडी फ्रेम अडकली.

साहेबांनी जुनी वही मागवली. "सह्या तर सगळ्या आहेत. आणि हा बायकांचा चष्मा! आत एकही बाई गेलेली नाही."

"लोखंडाला पालवी फुटली म्हणायची," कोणीतरी म्हणालं.

"मोजणारा तूच ना रे?" साहेब वहीवाल्यावर घसरले.

"मोजला होता साहेब... बहुतेक."

काकांना राहवलं नाही. "साहेब, आमच्या हिचा आहे तो."

साहेबांनी फ्रेम उलटसुलट करून पाहिली. "वहिनी आत कशाला गेल्या होत्या?"

खोट्या सहीबद्दल निलंबनाचं पत्र दुसऱ्याच दिवशी मिळालं. काकूंनी ते काकांचाच चष्मा लावून दोनदा वाचलं.

"अकरा वर्षं म्हणतेय, तुम्हीच कुठेतरी टाकलात," त्या म्हणाल्या. "पण तो परत कधी देणार, ते यात लिहिलेलंच नाही!"