गाऱ्हाण्यातला होकार

बाई गेल्या त्याला आता तिसरं वर्ष. तरी रत्नागिरीच्या स्टँडवर एस.टी.तून उतरले की माझे पाय अजून त्यांच्या घराच्या चढणीकडेच वळतात. अर्धी चढण चढल्यावर आठवतं की वर आता कोण आहे? म्हणजे मुलींचं वसतिगृह आहे, पडवीतला दवाखाना आहे, सगळं रीतसर चालू आहे. पण दारातच माझी हनुवटी धरून "डोळे दाखव" म्हणणारं माणूस नाही. मग मी तशीच खाली उतरते आणि ज्या कामाला आलेली असते ते उरकते.

हे डोळे दाखवणं म्हणजे बाईंचा रामराम. कुठलंही बाईमाणूस समोर आलं की तिची खालची पापणी बोटाने ओढून आत लाल आहे की पांढरं ते बघायच्या. पांढरं दिसलं की त्या बाईची काही धडगत नसे. रक्ताच्या गोळ्या आल्या, नाचणी आली, कुळीथ आले, आणि शेवटी तिच्या सासूला बोलावणं आलं. माझ्या लग्नात त्या भेटायला आल्या आणि भर मांडवात त्यांनी माझ्या सासूबाईंचीच पापणी ओढली. सासूबाई अजून ते विसरलेल्या नाहीत. गोळ्या मात्र त्यांनी घेतल्या, हे मी सांगते. त्या सांगणार नाहीत.

बाई रत्नागिरीतल्या व्यापाऱ्याच्या घरच्या. यजमान मोठ्या जहाजांवर इंजिनिअर होते, ते अकाली गेले. मूलबाळ नव्हतं. एवढं मोठं घर, मागे आंब्याची बाग. नातेवाईक म्हणाले, विकून टाका आणि आरामात राहा. बाईंनी वरच्या खोल्यांमध्ये गावाकडच्या मुली आणून ठेवल्या आणि पडवीत बायकांचा दवाखाना उघडला. गावातली एक डॉक्टरीण मैत्रीण येऊन तपासायची. बागेचं उत्पन्न मुलींच्या पोटात आणि बायकांच्या औषधात जायचं. भाषण वगैरे त्यांना कुणी करायला लावलं की त्या चिडायच्या. त्यापेक्षा लांज्याला काजूच्या कारखान्यात जाऊन बसायच्या. काजूच्या टरफलातलं तेल बायकांची बोटं सोलून काढतं. बाई मालकासमोर त्या बायकांचे तळवे उलगडून धरायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. मालक शेवटी हातमोजे द्यायचा. ते फाटले की बाई पुन्हा हजर.

मी आज लांज्याजवळच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे ती त्यांच्यामुळे. पण मला त्यांची आठवण येते ती नुसत्या उपकाराची नाही. उपकार मी फेडले नाहीत आणि त्यांनी मागितलेही नाहीत. एक प्रश्न आमच्या दोघींमध्ये कायम राहिला होता. माझ्या बाबांनी मला राजीखुशीने शिकायला धाडलं, की बाईंनी त्यांना देवासमोर अडकवलं? घरात सगळे म्हणायचे, अडकवलं. बाई स्वतः म्हणायच्या, अडकवलं. बाबा एवढंच म्हणायचे, आता काय करनार. मुलीच्या जिवाला हे किती लागतं ते मुलगीच जाणे. बापाने मनापासून 'जा' म्हटलं होतं का, एवढंच मला हवं होतं.

तर झालं असं. मी दहावी झाले तेव्हा बाबा मुंबईला एका छापखान्यात होते. घर, शेती, आमची लग्नं, सगळं थोरल्या काकांच्या हातात. बाबा पैसे पाठवायचे आणि भावाच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत. काकांनी माझ्यासाठी एक स्थळ बघून शब्दही देऊन ठेवला होता. मुलगा मुंबईला, शिवाय घरी काजूची बाग. काकी तर उठता बसता त्या बागेचं कौतुक करायची. मी बाईंच्या वसतिगृहात राहून बारावी करायची आणि नर्सिंगला जायचं म्हणून हट्ट धरला होता. मी जेवण टाकलं, अबोला धरला, सगळं करून झालं. आई बिचारी म्हणायची, मला काय विचारतेस, ते येतील त्यांना विचार.

आमच्याकडे प्रत्येक आईचं उत्तर हेच असतं, आणि 'ते' मुंबईला. म्हणून बाईंनी एक रीत ठेवली होती. घरचा दीड दिवसाचा गणपती पोचवला की त्या पिशवी आणि छत्री घेऊन गावोगाव निघायच्या. चाकरमानी बाप घरी सापडतात ते याच दिवसांत. आरतीला उभ्या राहायच्या, मोदक खायच्या, आणि मग हळूच विषय काढायच्या, पोरीला पुढे शिकवणार ना?

आमच्याकडे आल्या तो गौरीगणपती जायचा दिवस होता. बाबांनी चटई टाकली, चहा दिला, सगळं अदबीने. बाई बोलत होत्या आणि बाबा जमिनीकडे बघत होते. उत्तर दिलं ते काकांनी. पोरीचं ठरलंय, बाईंनी आता जेवूनच जावं, म्हणाले. म्हणजे विषय संपला. मी दाराआड उभी होते. बाबांनी एकदा तरी मान वर करावी म्हणून मी देवाला विनवत होते, पण त्यांनी केली नाही.

संध्याकाळी शेवटची आरती झाली आणि गाऱ्हाणं घालायची वेळ आली. आमच्या वाडीत हा मान एका म्हाताऱ्या आजोबांचा. ते देवासमोर हात जोडून घरादाराचं मागणं मोठ्याने बोलतात आणि जमलेले सगळे पुरुष एकसुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. या आजोबांच्या सुनेला बाईंनी बाळंतपणात मरणाच्या दारातून ओढून आणलेलं. त्यामुळे त्यांचा बाईंवर फार जीव. बाई त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. मला वाटलं, निरोप घेत असतील.

"बा देवा गणपती म्हाराजा, लेकरांनी जी काय येडीवाकडी सेवा केली ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

गुरंढोरं झाली, मुंबईची नोकरी झाली, आजारपणं झाली. प्रत्येकाला व्हय म्हाराजा. सगळे लयीत आलेले. आणि मग आजोबा त्याच सुरात म्हणाले:

"आनि ह्या बाई रत्नांग्रीवरनं आल्यात. ह्या घरातली पोर त्यांच्याकडं शिकाया जावी, नर्स व्हावी, असं त्यांच्या मनात हाय. तर ती इच्छा पुरी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर. ते भजनी माणूस, गळा मुळातच मोठा. काकासुद्धा बोलून गेले. बोलल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि तोंड मिटायचं राहून गेलं. बायका पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या. मला तर रडावं की हसावं कळेना.

मूर्ती पाण्यात पोचवून येईपर्यंत काका गप्प होते. परत आल्यावर त्यांनी जे तोंड सोडलं ते चार घरांना ऐकू गेलं असेल. बाईने डाव साधला, देवाला मधे घातलं, आता त्या लोकांना काय तोंड दाखवू, असं सगळं. बाबा नळीची कौलं मोजत असल्यासारखे वर बघत बसले आणि म्हणाले, देवासमोर बोल्लो, आता काय करनार. त्यानंतर ज्याने ज्याने विचारलं त्याला त्यांनी हेच सांगितलं. भावकीत त्यांना भोळा म्हणायला लागले. ते नाव त्यांना जन्माचं चिकटलं.

मला सोडायला तेच आले. पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन चढण चढले आणि फाटकाशी थांबले. बाई स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. बाबांनी लांबूनच हात जोडले आणि पाणी न घेता मागे फिरले. बाईंचा चेहरा पडला. त्या तांब्या हातात धरून बराच वेळ तशाच उभ्या होत्या. पुढे मी तिथे होते तेवढ्या काळात बाबा कधी फाटकाच्या आत आले नाहीत. मुंबईहून आले की स्टँडवर निरोप धाडायचे. मी खाली जायचे, ते मला भजी खाऊ घालायचे, अभ्यास होतो का विचारायचे, आणि गाडीत बसायचे. मला वाटायचं, राग आहे. पोरीवर काढता येत नाही म्हणून उंबऱ्यावर काढतात.

बाईंनाही तेच वाटायचं. एकदा सकाळी मी त्यांच्याबरोबर चुलीपाशी पेज ढवळत होते. त्या अचानक म्हणाल्या, "माणसाला त्याच्या देवासमोर गाठायचं नसतं गो. मी तुझ्या वडिलांना गाठलं. ते काही मला बरोबर वाटत नाही." मी म्हटलं, अहो बाई, नाहीतर मी आज कुणाच्या तरी बागेत काजू वेचत असते. पेज उतू जायला लागली तेव्हा त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

आणि पुढे त्यांनी तसं गाऱ्हाणं पुन्हा कधी घालायला लावलं नाही. नाटे गावची एक मुलगी होती, माझ्यापेक्षा दहापट हुशार. तिचा बाप ऐकेना. तिथल्याच कुणीतरी बाईंना सुचवलं, बाई, घाला ना तसलंच एक गाऱ्हाणं, आम्ही सगळे व्हय म्हणू. बाई नको म्हणाल्या. त्या बापाच्या ओटीवर नुसत्या जाऊन जाऊन बसत राहिल्या. तोवर त्या मुलीचं लग्न लागलं. मी बाईंशी तेव्हा कडाकडा भांडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकदा फसवलं ते पुरे."

शेवटच्या आजारपणात मी रजा काढून त्यांच्यापाशी राहिले. हात काटकुळे झालेले, बोलणं पुसट. तरी मी गेल्या गेल्या त्यांनी विचारलं, वडील कसे आहेत, अजून रागावलेत का माझ्यावर? मी म्हटलं, नाही हो, ते कधीच रागावले नव्हते. बाई हसल्या. आम्ही नर्सा पेशंटला 'काही नाही, बरं वाटेल' म्हणतो ना, तेव्हा पेशंट जसा हसतो, तसं. मला माझ्याच बोलण्याची खात्री नव्हती, त्यांना कुठून वाटणार.

त्यानंतर दीड वर्षाने थोरले काका गेले. आणि या गणपतीत, दुपारची जेवणं उरकल्यावर, बाबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. आता ते गावीच असतात. माझी मुलगी त्यांच्याशेजारी लोळत होती. तिला कॉलेजला पुण्याला जायचंय. ती त्यांना चिडवत होती, आजोबा, मलाही जाऊ द्या, नाहीतर मीपण गाऱ्हाणं घालायला लावीन, तुम्ही काय लगेच फसता.

बाबांनी अडकित्ता थांबवला.

"मला कोन फसवतंय," ते म्हणाले. "मी समईची वात सारत व्हतो. बाई म्हाताऱ्याच्या कानात बोल्ल्या ते मला समदं ऐकू आलं. म्हनून तर आधी मी वरडलो. मी बोल्लो की बाकीचे बोलनार, आनि भाऊ पन बोलनार. त्याला इचार कराया येळच ठेवला नाय."

मी उंबऱ्यात उभी होते, खरकटं टाकायला निघालेली. हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं. म्हटलं, बाबा, एवढी वर्षं का नाही बोललात? तर म्हणाले, भावाने लोकांना शब्द दिला होता, तो जिता असताना मी कसं सांगू की मी मुद्दाम मोडला? आणि बाईंच्या घरात का नाही आलात कधी? त्यावर ते जरासे लाजले. आत आलो असतो तर तोंडावर आनंद दिसला असता, म्हणाले. तिथे आमच्या गावच्या आणखी पोरी होत्या, गावात बातमी पोचायला काय वेळ.

बापाने मला मनापासून धाडलं होतं. एवढंच मला हवं होतं आणि ते मिळालं, आणि मिळाल्याबरोबर मी मनात चढण चढून बाईंच्या दारात पोचलेसुद्धा. बाई, ऐका तरी. मग आठवलं. काका दोन वर्षं आधी गेले असते तर, असा विचार मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली. बिचारे काका. पण आला तो आला. नाटे गावची ती मुलगीही डोळ्यासमोर आली. ती आता बंदरावर मासळीच्या लिलावात बसते.

बाबांनी पुन्हा अडकित्ता उचलला. मग मधेच माझ्याकडे बघून म्हणाले, "बाईंना कळलं व्हतं ना? मी त्यांच्याकडं बघून हसलो व्हतो तवा, जरासाच. शान्या बाई त्या, त्यांना कळलंच असंल."

त्यांचं वय झालंय. छातीत दुखतं, पावसात दम लागतो.

"कळलं होतं," मी म्हटलं. "मला कितीदा तरी म्हणाल्या होत्या."

"मग बरं झालं," बाबा म्हणाले, आणि सुपारीचा एक तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला.