टिकल्या दोनच होत्या

"अरं इंजिन फुटंल! गिअर टाक की मुडद्या!" आई मागनं ओरडली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून माझी बहीण सुनंदा कळा देत होती.

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. समोर आलं तर चहा पाजून बिल त्यालाच द्यायला लावीन. थोडं वाढवून सांगायची सवय आहे मला, गावात कुणालाही विचारा... पण हे जसंच्या तसं.

आमचं गाव वैरागजवळ. सुनंदा पहिल्या बाळंतपणाला आलेली. भर दुपारी कळा सुरू, बाळ आडवं. डॉक्टर म्हणाले, तडक सोलापूर गाठा. अँब्युलन्स दुसरीकडं गेलेली. शेजारच्या सिद्धप्पाकाकांची जुनी व्हॅन, कडक भाकरी पोचवायची, दारात उभी होती. काका घरी नव्हते. काकूंनी चावी दिली.

"काचंवर टिकल्या हायत बघ. काटा टिकलीला टेकला की गिअर बदलायचा. त्याच्यापुढं रेटलंस तर इंजिन गेलं."

खरंच! स्पीडच्या काचेवर काकूंच्या कपाळावरच्या लाल टिकल्या. एक पंधरावर, एक पस्तीसवर. गिअर चार, म्हणजे टिकल्या तीन हव्यात. एक उन्हानं गळाली असणार, म्हटलं.

पुढं चढ लागला. दुसऱ्या गिअरवर काटा पस्तीसच्या टिकलीच्याही पुढं गेला. इंजिन असं किंचाळत होतं, अक्कलकोटला ऐकू गेलं असेल! तेव्हाच आई ओरडली, ते सुरुवातीला सांगितलेलं. आणि सुनंदा... एकदम गप्प झाली.

मी तिसरा टाकला.

तुपात बोट बुडावं तसा पडला. इंजिन शांत. गाडी चढ अशी चढली, जणू रिकामीच! त्या व्हॅनमध्ये आरशापासून दारापर्यंत सगळं थरथरतं — गिअरचा दांडा तेवढा गप्प, कुणी वरनं हात ठेवल्यासारखा. सोलापूरपर्यंत मी तिसरा सोडलाच नाही.

"अजून थोडा उशीर झाला असता तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

संध्याकाळी गाडी परत आणली, पेढे घेऊन काकांकडं गेलो. "काका, तुमचा तिसरा म्हणजे वाघ हाय! अख्खी वाट त्याच्यावर आणली."

काकांनी पेढा तसाच खाली ठेवला. मग गाडीत बसले, चालू केली, दांडा तिसऱ्यावर नेला, क्लच सोडला, अॅक्सिलेटर दाबला. इंजिन बोंबललं. गाडी जागची हलली नाही.

नंतर वैरागच्या दोन मेकॅनिकना विचारलं, दोघंही हसले. मला आजवर उलगडा झालेला नाही.

त्या संध्याकाळी काकांनी तेवढी चावी काढून घेतली आणि म्हणाले, "तिसऱ्याचे दात कवाच झडलेत. म्हणून तर टिकल्या दोनच हायत की."