कानाला लावलेला कॅमेरा

कॅमेरा आपण डोळ्याला लावतो. काका तो कानाला लावायचे. डोळे मिटून, तोंड जरासं उघडं ठेवून बटण दाबायचे आणि म्हणायचे, "हं, बोल बाबा."

परभणीत बस स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. आधी ते भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचे. पेट्या कमी झाल्या, डिजिटल कॅमेरे वाढले, तसा काकांनी तोच कान इकडे वळवला. मी पाथरीचा, लग्नाचे फोटो काढणारा. हळद, अक्षता, फुफाटा आणि मे महिन्याचं ऊन हे सगळं एकाच दिवशी कॅमेऱ्याला खाऊ घालणारा. त्यामुळे आमची गट्टी जमायला वेळ लागला नाही.

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची असे. कोणत्या कंपनीचा कॅमेरा जास्त टिकतो? तुमच्यापैकी कुणी कधी कॅमेरा घेतला असेल, तर तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल. आम्ही फोटोग्राफर तर त्यावरून हमरीतुमरीवर येतो. काका मात्र कंपनीचं नाव कधी घेत नसत. एका कंपनीचे कॅमेरे त्यांच्या लेखी 'सालगडी'. धुळीत टाका, उन्हात ठेवा, तक्रार नाही. फार तर वरचं रबर सुटेल. दुसरीचे 'जावई'. फोटो देखणे, पण जरा दमट हवा लागली की रुसून बसायचे. तिसरीचे 'पाहुणे'. आले, चार दिवस मिरवले, आणि आता त्यांचे पार्ट कुठेच मिळत नाहीत. खरी नावं मी सांगणार नाही. जावई सांभाळणारेही हे वाचत असतील.

"पण काका, घेऊ कोणता?" मी विचारायचो.

"कंपनीचं काय इचारायलाव? त्याला ठिवता कुठं, ते सांगा."

माझा कॅमेरा गाडीच्या डिक्कीत, लग्नघरातून आलेल्या शिदोरीशेजारी असायचा. काकांना ते ठाऊक होतं. एकदा त्यांनी बटणाच्या फटीतून बुंदीची कळी काढून माझ्या तळहातावर ठेवली होती. "घ्या. तुमचा परसाद."

कान मात्र पक्का. आतला पडदा, म्हणजे शटर, किती दिवसांचा सोबती आहे हे ते नुसत्या खटक्यावरून सांगायचे. "थकलाय. एक लगीनसराई काढील," म्हणाले की पुढच्या सराईपर्यंत तो कॅमेरा बसलाच म्हणून समजा. लोक त्यांच्या शब्दावर कॅमेरे मोडीत काढायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझा सालगडी कानाला लावला आणि मान हलवली. "आवाज बसलाय हो. लय थकलाय."

मला खरंच वाईट वाटलं. जेमतेम तीन सराया झाल्या होत्या. पण काकांचा शब्द तो. मी नवा कॅमेरा बघायला लागलो.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तर टेबलावर तीन कॅमेरे मांडून काका बसले होते. तीन कंपन्यांचे तीन. एकेक कानाला लावत होते, खाली ठेवत होते, पुन्हा उचलत होते.

"गडी थकलाय, समजलं," ते म्हणाले. "पण गडी, जावई आन् पाव्हणा, तिघं एकदाच कसे थकतील?" मग माझ्याकडे बघितलं. "तुमाला कसा यायलाय आवाज?"

मी तिन्ही वाजवून पाहिले. खोटं बोलावं असं फार वाटलं. "खणखणीत आहे काका," मी म्हणालो.

काकांनी तिन्ही कॅमेरे ओळीनं लावून ठेवले. मग त्यांनी दिवा बंद केला. "मंग हे बरे हायत. बिघाड हिकडं हाय," आणि आपल्या कानाच्या पाळीला हात लावला.

मी समजूत घालायला गेलो. काकांचं चित्त भलतीकडेच होतं. "ह्या सा महिन्यांत मी कुणाकुणाला थकलाय म्हणलो? लावा फोन." मी एकेकाला फोन लावत गेलो आणि ते प्रत्येकाला तेच सांगत गेले, "कॅमेरा बरा हाय. ऐकणारा बिघडलाय."

झरीच्या फोटोग्राफरनं मात्र फोन उचलला नाही. "त्यानं ऑर्डरी सोडल्या असतील वो माझ्या शब्दापायी," असं म्हणत काका उठले. माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ते त्याच दुपारी झरीला आले.

त्यानं खरंच ऑर्डरी सोडल्या होत्या. कॅमेरा धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेला. काकांनी त्याच्यासमोर हात जोडले, तेव्हा तो बिचारा ओशाळून कॅमेरा काढायला कपाटाकडे धावला. त्यानं बॅटरी चार्जिंगला लावली. तेवढ्यात चहा झाला. मग काकांनी कॅमेरा हातात घेतला, कानाला लावायला गेले, थांबले, आणि जबड्याच्या हाडाला टेकवून बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"हाव," ते म्हणाले. "हाडाला सांगायलाय. चांगला हाय गडी."

झरीवाला म्हणाला, "काका, बसा ओट्यावर. पहिला फोटो तुमचाच."

पुढे काकांनी दुकान बंद केलं आणि ते जिंतूरला लेकीकडे गेले. मागच्या थंडीत तिथंच वारले. मला उशिरा कळलं. त्यांनी थकलेला ठरवलेला माझा कॅमेरा अजून चालतोय. सराईआधी मी तो एकदा कानाला लावतो.

परवा झरीवाल्यानं तो फोटो पाठवला. काका त्यात नीट बसलेले नाहीत. टोपी कललेली, हात वर, मान पुढे. खटका झाला होता, त्यांना तो ऐकू गेला नव्हता, आणि ते विचारत होते, "निघाला का?" दुसऱ्यांदा बटण दाबलं गेलं ते नेमकं तेव्हा. आम्ही दोघंही हसून ओरडलो होतो, "निघाला, काका!" ते तरी त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.