गोल पोटाचा स्पीकर

मंडळी, घरी स्पीकर बनवायचा माझा नाद तुम्हाला ठाऊक आहेच. यावेळी चौकोनी खोकं नको, बाजू गोलाकारच हव्यात, असा हट्ट धरला होता. सपाट फळी आवाजाबरोबर थरथरते आणि गाणं गढूळ होतं. वाकवलेली फळी तशी थरथरत नाही म्हणतात.

पहिलं प्लायवूड वाकवताना कडाडकन मोडलं. तो आवाज ऐकून सासरे, म्हणजे आमचे मामा, बाहेर आले. ते माधवनगरला गिरणीत फिटर होते. चालू मशीनवर नुसता तळहात ठेवून बिघाड सांगायचे.

"आगं, आतनं उभ्या चिरा पाड की. मग वाकतंय बघ."

तसंच केलं. चिरांत गोंद भरला, दोघांनी मिळून फळी साच्यावर वाकवली, सायकलच्या जुन्या ट्यूबनं करकचून आवळली आणि चार दिवस हात लावला नाही.

आज दुपारी शेवटचा स्क्रू बसवला आणि गाणं लावलं. आवाज असा लागला की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या!

मामांनी मात्र माझ्या घासकामाच्या घरघरीला वैतागून कानातलं मशीन सकाळीच काढून ठेवलं होतं. ते आले, स्पीकरच्या गोल पोटावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"लावला न्हाईस व्हय अजून?"

"आवं मामा, कवाचा वाजतोय!" मी ओरडले.

सांगा, याहून मोठी शाबासकी तुम्हाला कधी मिळाली आहे का?